आमगाव ते प्रतापगड, अंदाजे ९४ किलोमीटर

गाडी घेताना मी मीटरकडे पाहिलं नाही, हे आधीच कबूल करून टाकते. नाहीतरी पुढे ते माझ्याविरुद्ध लेखी जबाबात, परिच्छेद सातमध्ये, येणारच आहे.

मीटरकडे पाहिलं नाही, टायरकडे पाहिलं नाही, बॉनेट उघडायला सांगितलं नाही आणि एक चक्कर मारूनही पाहिली नाही. मी आमगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. एखादं पुस्तक ग्रंथालयात घ्यायचं तर मी पानं मोजते, शिलाई ओढून पाहते, वाळवीचं एक भोक दिसलं तरी परत पाठवते. अशी बाई गोंदियात फुलचूरच्या बाजूला जुन्या गाड्यांच्या आवारात उभी राहिली आणि तिने फक्त डाव्या मागच्या दारावरचा ओरखडा पाहिला. तो ओरखडा मीच पाडलेला होता, २०११ साली, आमच्या घराच्या फाटकावर.

गाडी बाबूजींची होती. माझे वडील लखनलाल टेंभरे भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होते. लोकांच्या शेतांचे धुरे, म्हणजे बांध, मोजण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते आणि गाडी विकून अडीच वर्षं. मायच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा एक कागद द्यायला मी गोंदियाला चालले होते. बसच्या खिडकीतून ती दिसली. ‘भरोसा ही हमारा धंधा’ अशा पाटीखाली, दोन ट्रॅक्टरांच्या मधे, पांढरी, तोंड धुऊन शाळेत बसवल्यासारखी. कागद त्या दिवशी द्यायचा राहिला.

शेजारचे दुर्गाप्रसाद काका म्हणाले, गाडी परत घ्यायची असेल तर घे, पण आपली होती हे कळू देऊ नको. माया दिसली की व्यापारी चढतो. काकांनी एकदा छताच्या पंख्यावरून दुकानदाराला नमवलं होतं, तेव्हापासून आमच्या गल्लीत खरेदीविक्रीतला शेवटचा शब्द त्यांचा. पलीकडचा उमेंद्र म्हणाला की गाडी घेऊच नये, घ्यायचीच तर राज्याच्या सीमेपलीकडून, बालाघाटहून घ्यावी. आमच्या गल्लीत कोणत्याही गोष्टीवर उपाय म्हणून बालाघाट सुचवलं जातं. मी काकांचं ऐकलं आणि चेहरा कोरा ठेवून गेले.

आवाराचे मालक दुलीचंद सेठ माणूस गोड. त्यांनी मला माझ्याच गाडीची माहिती दिली. “लेडी डॉक्टर की गाडी है मॅडम, सिंगल हँड. हॉस्पिटल से घर, घर से हॉस्पिटल. रोड देखा ही नहीं इसने.” मी मान डोलावत राहिले. चिखलाचे बूट आणि मोजणीची साखळी घेऊन देवरी-सालेकसाच्या जंगलात फिरणारे बाबूजी लेडी डॉक्टर झालेले ऐकून हसू यायला हवं होतं. तेवढ्यात त्यांनी मला चालकाच्या जागेवर बसवलं. वर, ऊन अडवायच्या झडपेला, एक रबरबँड होता. बाबूजी त्यात पेन्सिल अडकवून ठेवत. मधल्या मालकाने सीटची कव्हरं बदलली होती, रेडिओ बदलला होता, देवही बदलला होता. रबरबँड तेवढा कोणाच्या नजरेत आला नव्हता.

मी धुळीची ॲलर्जी असल्याचं सांगितलं. सेठनी पाणी मागवलं आणि पाणी पिताना कागदावर सही घेतली. कागदाच्या तळाशी ‘गाडी जैसी है वैसी’ असं छापलं होतं. नाव टेंभरे लिहिलं तरी त्यांना काही वाटलं नाही. आमच्याकडे दगड मारला तर दोन टेंभऱ्यांना लागतो.

फुलचूर ते आमगाव चोवीस किलोमीटर. डावीकडे वळलं की गाडी आपोआप हॉर्न वाजवते, हे मला पहिल्या वळणावर कळलं. एका सायकलवाल्याने थांबून मला रस्ता दिला, दुसऱ्याने थांबून शिवी दिली. तिसरा गिअर पडायला माझी दोन्ही हातांची ताकद लागली. तरी मी सुखात होते. फाटकापाशी आले, या वेळी जपून, तर माय हळदीकुंकू आणि नारळ घेऊन उभी. तिने गाडीला ओवाळलं, दार उघडून पुढे डावीकडे, तिच्या नेहमीच्या जागेवर बसली, पदराआडून वही काढली आणि म्हणाली, “मीटर सांग.”

या वहीबद्दल सांगितलंच पाहिजे. मोजल्याशिवाय गोष्ट झाली असं मानायचं नाही, हा बाबूजींचा धर्म. गाडी २००८ साली आली त्या दिवशी त्यांनी जाड पुठ्ठ्याची वही आणली, मायने तिला खाकी कापडाचं कव्हर शिवलं, आणि तेव्हापासून गाडी फाटकाबाहेर गेली की त्यात नोंद झाली. तारीख, कुठून, कुठे, निघतानाचा आकडा, पोचल्यावरचा आकडा, एकूण अंतर आणि शेवटी शेरा. सरकारी माणूस शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवत नाही. ‘तिरोडा. परतताना पाऊस. रामबाई रुसली. कारण, खिडकी.’ ‘गोंदिया. दात काढला, माझा.’ ‘सालेकसा. योगेश्वरीने प्रथमच गाडी चालवली. एक कोंबडी. वाचली.’ रामबाई म्हणजे माय, योगेश्वरी म्हणजे मी. मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. इतक्या थोड्या शब्दांत इतकं सांगणारं गद्य माझ्या पाहण्यात कमी आहे.

मायला अक्षरओळख बेताची, पण ते आकडे तिच्या तोंडी होते. इतर लोक लग्न, बाळंतपण, पूर यांवरून सालं लक्षात ठेवतात, माय किलोमीटरवरून. माझी नोकरी बावन्न हजारांत लागली. बाबूजी एकोणसत्तर हजारांत निवृत्त झाले.

वहीतली शेवटची ओळ अपुरी होती. ‘आमगाव ते प्रतापगड, अंदाजे ९४ कि.मी. निघताना ९६,३१८.’ पुढचे रकाने कोरे.

प्रतापगडाचं, इतिहासाच्या पुस्तकातल्या नव्हे तर आमच्याच जिल्ह्यातल्या, असं होतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी बाबूजींची नेमणूक अर्जुनी मोरगावला होती. महाशिवरात्रीच्या जत्रेला ते मायला सायकलवर घेऊन निघाले आणि अर्ध्या वाटेत चेन तुटली. पुढल्या वर्षी बदली झाली, मग मी झाले, मग तीस-बत्तीस वर्षं लोकांचे धुरे झाले. २०२१ साली काचबिंदूने त्यांची एका बाजूची नजर पार गेली होती, तरी एक दिवस सकाळी त्यांनी गाडी काढली. रामबाईला प्रतापगड दाखवायचं म्हणाले. मागे मी बसले. कोहमाऱ्याच्या चौकात, डावीकडून येणारा मालट्रक त्यांना दिसला नाही. काही झालं नाही. ट्रकवाल्याने ब्रेक मारला, एवढंच. पण मी खाली उतरले, त्यांच्या हातातून किल्ली घेतली आणि चार लोकांच्या देखत त्यांना मागच्या सीटवर बसवलं. आम्ही तिथून परत फिरलो. घरी आल्यावर मी वही पुढे केली तर म्हणाले, पोचलोच नाही, आकडा कशाचा लिहू. आठ दिवसांत मीच गाडी विकायला लावली. पुढल्या महिन्यात भाड्याच्या गाडीने नेते म्हणाले. तो पुढला महिना दोन वर्षं पुढे सरकत राहिला, आणि मग बाबूजीच राहिले नाहीत.

तर त्या ओळीसाठी मी गाडी आणली होती. आकडा वाचायला वाकले. “एक्केचाळीस हजार दोनशे एकतीस.”

माय काही लिहिणार नव्हती, लिहिणारी मी. पण तिने पेन्सिल खाली ठेवली. “असं कसं,” ती म्हणाली. “तो तर चेतनाच्या लग्नात होऊन गेला.”

वहीत पाहिलं. १४ मे २०१२, माझ्या चुलत बहिणीचं, चेतनाचं, तिरोड्याचं लग्न. ‘पोचल्यावर ४१,२३६. जेवण उशिरा. भात उत्तम.’

जुन्या गाडीचं मीटर मागे फिरवतात हे मी ऐकलं होतं. पण माणसाला आपल्यावर बेतेपर्यंत ती बातमी वाटते. माय आत गेली. मी गाडीतच बसून राहिले, आणि मला जे वाटलं ते तक्रारअर्जात लिहिता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. मला राग आला नाही. मीटरच्या हिशेबाने २०१२ चा मे महिना चालू होता. बाबूजींना तिरोड्याला पोचायला पाच किलोमीटर राहिले होते. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं. निवृत्तीला तीन वर्षं होती. कोहमाऱ्याचा चौक अजून पंचावन्न हजार किलोमीटर लांब होता आणि मी तिथे कोणाच्या हातातून काही घेतलं नव्हतं. मी त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत बसले. एखादी चूक इतकी सोयीची असावी हे बरं नव्हे.

मायने आतून आवाज दिला की चहा थंड होऊन राहिला.

पुढल्या पंधरा दिवसांत गाडीने आपले बाकीचे गुण दाखवले. एक दिवस रेल्वे फाटकात ती रुळांपासून हातभर अलीकडे बंद पडली, आणि फाटकवाल्याने मला माझ्या शिक्षणाबद्दल विचारलं. एक दिवस दुर्गाप्रसाद काका तज्ज्ञ म्हणून बसायला आले तर दाराची मूठ त्यांच्या हातात आली. ती हातात धरूनच त्यांनी मला कायदा समजावून सांगितला. शेवटी बाबूजींची गाडी सांभाळणाऱ्या कवडू मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने बॉनेट उघडलं, ऐकलं, बंद केलं, खाली सरपटला, वर आला आणि हात पुसत राहिला. कवडू वाईट बातमी हात पुसून झाल्यावरच सांगतो.

“ताई, इंजिन तेल पिऊन राहिला. खालच्या पत्र्याले गंज आहे, वरून रंग मारला. अन् हे पाहा, मीटरच्या स्क्रूवर ओरखडे. उघडला आहे कोनंतरी.” मग म्हणाला, “साहेबांची गाडी अशी नव्हती. कायले घेतली तुमी?”



मी दुलीचंद सेठकडे गेले. त्यांनी पुन्हा पाणी मागवलं. म्हणाले, गाडी आली तशी दिली, मीटरचं आम्हाला काय माहीत, कागदावर ‘जैसी है वैसी’ आहे, आणि मॅडम, जुनी गाडी म्हणजे जुनी गाडी. चार वेळा गेले, चार वेळा पाणी प्याले. उमेंद्रने सल्ला दिला की मीटर बघता गाडी नवीकोरी आहे, बालाघाटला दुसऱ्याला विकून टाक. मी म्हटलं, म्हणजे मी दुलीचंद होऊ? तो म्हणाला, तसं नाही, बालाघाटात चालतं.

ग्राहक आयोगात जायचं ठरवलं ते मात्र मायने. मला खरं म्हणजे जायचं नव्हतं. मला वाटत होतं, राहू द्यावा आकडा आहे तसा. मायला मी हे सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं. रात्रीच्या भाताचे तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, “तुझे बाबूजी काय म्हनत? धुरा सरकवणाऱ्याले वाटते, चारच बोटं सरकवला. त्यांनी जितकी चालवली तितकी चालवली. त्यातला एक किलोमीटर कोनी नेऊ नये.” मग तांदळाचं सूप बाजूला ठेवून म्हणाली, “तूबी नाई.”

ज्यांना कधी जावं लागेल त्यांच्यासाठी सांगते, ग्राहकाला वकील लागत नाही. जुनी वस्तू घेतली म्हणून हक्कही जुने होत नाहीत, आणि ‘जैसी है वैसी’ लिहिलं की खोटं सांगायला मोकळीक मिळते असं नाही. हे सगळं मी ग्रंथालयातल्याच एका पुस्तकात वाचलं, जे नऊ वर्षांत कोणी नेलं नव्हतं. मी ते स्वतःच्या नावावर नेलं आणि मुदत संपल्यावर स्वतःलाच दंड केला.

अर्ज मी सतरा पानांचा लिहिला. आवक खिडकीवरच्या गृहस्थांनी तो सौम्यपणे परत दिला. पानांना क्रमांक हवेत, अनुक्रमणिका हवी, तीन प्रती हव्यात, आणि मुख्य म्हणजे मागणी कळत नाही. ग्रंथपालाला अनुक्रमणिका नाही म्हणून परत पाठवणं, हा घाव मी अजून विसरलेले नाही. मागणीबद्दल त्यांचा प्रश्न साधा होता. पैसे परत हवेत, दुरुस्ती हवी, की नुकसानभरपाई? मी म्हटलं, किलोमीटर परत हवेत. त्यांनी चष्मा काढला. मागे रांगेत एक बाई मिक्सर घेऊन उभ्या होत्या, त्याही पुढे सरकल्या. गृहस्थ म्हणाले, ताई, सगळे किलोमीटर कमी दाखवा म्हणतात, जास्त मागणाऱ्या तुम्ही पहिल्या. तरी त्यांनी मला ‘मीटर खऱ्या आकड्यावर आणून द्यावे व दोष दूर करावेत’ असं वाक्य सुचवलं. मिक्सरवाल्या बाईंनी ‘मानसिक त्रास’ घालायची आठवण केली. मी घातला नाही. त्याची मोजणी कशी करणार?

दोन महिन्यांनी सेठच्या वकिलांचा लेखी जबाब आला. परिच्छेद सात मला पाठ आहे. ‘तक्रारदार ही गाडी पाहताक्षणीच भावनिक झाली व स्टिअरिंगवर डोके ठेवून रडू लागली. तिने गाडीची कोणतीही पाहणी केली नाही. सामनेवाल्याने तिला माणुसकीच्या नात्याने पाणी दिले.’ परिच्छेद आठ त्याहून कठीण होता. मी पुरावा म्हणून वहीच्या प्रती जोडल्या होत्या, तोच धागा त्यांनी धरला. गाडी तक्रारदाराच्या वडिलांची, खरा आकडा तिच्या घरातल्या वहीत, म्हणजे ती सर्व जाणून होती. ज्याला खरं ठाऊक आहे त्याला फसवलं कसं?

बाबूजी गेल्यापासून मी कोणासमोर रडले नव्हते. अंत्यविधीला नाही, तेरवीला नाही. नातेवाइकांत त्यावर बोलणंही झालं होतं, पोरगी फार शिकली म्हणून. आता त्याची लेखी नोंद झाली, तीन प्रतींत, शपथपत्रासह, आणि ती विरोधी पक्षाने केली. दुर्गाप्रसाद काकांनी जबाब वाचला, घडी केला आणि पंख्याची गोष्ट न सांगता घरी गेले.

सुनावणीच्या पहिल्या तारखेला आयोगाच्या अध्यक्ष बाईंनी दोन्ही बाजूंचे कागद पाहिले आणि मध्यस्थीने मिटतं का पाहा म्हणाल्या. मध्यस्थीची खोली लहान होती. एक टेबल, पाच खुर्च्या. मध्यस्थ म्हणून एक वयस्क वकील बाई, सेठ, त्यांचे वकील, मी आणि वही मांडीवर घेतलेली माय. सेठ तेच म्हणाले, गाडी आपल्याकडे पहिल्यांदाच आली, अर्जुनीच्या एका माणसाकडून, आली तेव्हा मीटर एक्केचाळीसच होतं. वही घरातली आहे, त्यात कोणी काहीही लिहील.

मायने वहीच्या खाकी कव्हराची शिवण दातांनी उसवली. आतून घडी केलेला कागद काढून तिने तो सेठपुढे ठेवला. मला हा कागद माहीत नव्हता. ज्या दिवशी गाडी विकली त्या दिवशी मी कामाचं निमित्त करून घरी थांबले होते. बाबूजींना बघवणार नाही असं मी सगळ्यांना सांगितलं होतं, बघवणार मला नव्हतं. बाबूजी आणि माय कवडूला घेऊन फुलचूरला गेले होते. गाडी कोणाला दिली, हेही मी नंतर विचारलं नव्हतं.

कागदावर बाबूजींचं अक्षर, एका डोळ्याने लिहिलेलं, ओळी उताराला लागलेल्या. ‘गाडी आज ९६,४३० वर दिली. चालू स्थितीत. डाव्या दारास ओरखडा, जुना, घरचा.’ खाली सही. दुलीचंद सेठची.

“तुमचीच होय ना भाऊ?” माय म्हणाली. “त्यांनी घेतली होती. तुमी हासले होते तवा, का मीटरची कायले सही पायजे म्हनून.”

सेठ कागद वाचत राहिले. मग त्यांनी मायकडे नीट पाहिलं. “वो नापवाले साहब?” ते हळूच म्हणाले. “मेरी ये जमीन उन्होंने नापी थी. बाजूवाला छह फुट अंदर घुसा था. सब बिक गए थे, साहब नहीं बिके.” वकिलांनी त्यांच्या बाहीला हात लावला, पण सेठ पुढे बोलले. “गुजर गए?”

माय म्हणाली, “कार्तिकात.”

मग सेठनी पाणी मागवलं नाही. म्हणाले, गाडी परत घेतो, पूर्ण पैसे आजच देतो. मध्यस्थ बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, यापेक्षा जास्त तुम्हाला निकालातही मिळणार नाही. खरं होतं. शहाण्या माणसाने तिथे उठून हात जोडावेत. मी म्हटलं, गाडी द्यायची नाही. इंजिन, गंज, हॉर्न नीट करून द्यावा आणि मीटर खऱ्या आकड्यावर आणावं. सेठच्या वकिलांनी आपल्या अशिलाकडे अशा नजरेने पाहिलं की या बाईला पुन्हा पाणी द्या.

समझोत्याच्या कागदावर मध्यस्थ बाईंनी ‘मूळ व सत्य आकडा’ असं लिहिलं. सेठनी आपल्या गाड्यांचं रजिस्टर मागवून तो सांगितला. अर्जुनीच्या माणसाकडून परत आली तेव्हा १,१३,२७४. तिथून मीटर मागे नेऊन ४१,२०० वर ठेवलं होतं. सांगताना ते खाली पाहत होते.

इंजिनाचं काम महिनाभर चाललं. मीटर उघडायला कवडूच हवा असा मायचा हट्ट होता. शेवटच्या दिवशी आम्ही तिघं फुलचूरच्या आवारात गेलो. कवडूने मीटर बाहेर काढून बॉनेटवर फडक्यावर ठेवलं. लहान लहान पांढऱ्या आकड्यांची सहा चाकं. आम्ही वापरलेले मिळवून तेव्हा ४१,५९३ झाले होते. खरा आकडा काढून मी चिठ्ठीवर लिहिला होता, १,१३,६६७. कवडूने पेचकसाचं टोक पहिल्या चाकाला लावलं आणि विचारलं, “ताई, कितीवर थांबू?”

चिठ्ठी माझ्या हातात होती. मी म्हटलं, “शहाण्णव हजार चारशे तीस.”

कवडूने वर पाहिलं. सेठना लगेच कळलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, “रख दो भाई. पेपर में असली लिखा है, पर किसको देखना है.” इतक्या मायेने मला आजवर कोणी फसवायला तयार झालं नव्हतं. आणि मी, सतरा पानांची तक्रारदार, अनुक्रमणिकेसह, मान खाली घालून उभी होते. त्या आकड्यापुढे सतरा हजार किलोमीटर असे होते की ज्यांत बाबूजी नव्हते. कोणी तरी अर्जुनीचा माणूस, त्याचा रेडिओ, त्याचा देव. मला ते नको होते. गाडी जिथे बाबूजींनी ठेवली तिथेच असावी, एवढंच मला हवं होतं.

कवडूने चाकं लावलीही. ०९६४३०. मी पाहिलं.

माय सावलीत खुर्चीवर बसली होती. ती उठून आली, मीटरवर वाकली, तिने आकडा ओळखला. काही क्षण ती त्याच्याकडे पाहत राहिली, जसं फोटोकडे पाहतात. मग म्हणाली, “पुढं घे, कवडू.”

“माय, राहू दे ना,” मी म्हटलं.

“त्या मानसानं चालवली, ते खोटं काय?” ती म्हणाली. “ते नसतानाबी चालली गाडी. आपनबी चाललो. धुरा नोको सरकवू.”

कवडूने पुढे घेतलं. १,१३,६६७ ला चाकं थांबली. सेठनी तोंड वळवलं आणि उगाच एका ट्रॅक्टरची धूळ पुसली.

पुढल्या रविवारी आम्ही प्रतापगडाला गेलो. निघताना १,१३,६९१. दुर्गाप्रसाद काकांनी डबा दिला आणि टायर तपासले. उमेंद्र म्हणाला, बालाघाटला चांगला रस्ता आहे. कोहमाऱ्याच्या चौकात मी गाडी पूर्ण थांबवली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. मागच्या जीपवाल्याने हॉर्न वाजवला. मायने मागे वळून पाहिलं, सीट रिकामी होती, ती पुन्हा समोर बघू लागली. नवेगावबांधच्या पुढे मी एक फाटा चुकले आणि तीन किलोमीटर वाढले.

गडाच्या पायथ्याशी, दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवर, एका मोहाच्या झाडाखाली गाडी उभी केली. माय उतरली, पदर सावरला, डोंगराकडे वर पाहिलं. बेचाळीस वर्षांनी पोचलेली बाई काही तरी बोलेल म्हणून मी थांबले. ती म्हणाली, “हे एवढंच होय का?” आणि थोड्या वेळाने, “सायकलनं इथवर आलं असतं बरं.”

मी गाडीत बसून वही उघडली. नवी ओळ सुरू करणार होते, पण मायने खिडकीतून बोट घालून जुनी ओळ दाखवली. झडपेच्या रबरबँडमधली पेन्सिल काढून मी बाबूजींच्या अक्षरापुढचे रकाने भरले. पोचल्यावर, १,१३,७८८. वजाबाकी तिथेच समासात केली, मायने ती तोंडाने तपासली.

आमगाव ते प्रतापगड, अंदाजे ९४ कि.मी. निघताना ९६,३१८. पोचल्यावर १,१३,७८८. एकूण अंतर १७,४७० कि.मी. शेरा : पोचलो. चूक चालकाची.